घरगुती सीएनसी यंत्र : मोटर व नियंत्रक यांची निवड

लाकूड, प्लॅस्टिक अथवा मऊ ॲल्युमिनियम यांवर आखलेल्या मापाबरहुकूम कोरीव काम करणारे लहान यंत्र आता विद्यार्थ्यांच्या व हौशी कारागिरांच्या आवाक्यात आले आहे. त्याचे सुटे भाग बाजारात मिळतात आणि ते चालविणारे संगणकीय कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. तथापि अशी पुष्कळ यंत्रे बांधून पूर्ण झाल्यावर निराशा करतात. यंत्र चालते, आवाजही ठीक येतो, पण तासाभराच्या कामानंतर भोक दीड मिलिमीटर बाजूला पडते. या दोषाचे मूळ बहुधा मोटर व नियंत्रक यांच्या निवडीत असते. मोठी मोटर घेतली म्हणजे यंत्र बळकट झाले, ही समजूत त्यास कारणीभूत होते. मोटर किती मोठी आहे यापेक्षा, लागेल त्या वेगाला ती किती जोर देऊ शकते, हा खरा प्रश्न आहे. या पाठात त्याचे उत्तर हिशेबाने कसे काढावयाचे ते एका ठराविक उदाहरणाच्या साहाय्याने दाखविले आहे.

१. पूर्वपीठिका

अंकांच्या साहाय्याने यंत्र चालविण्याची कल्पना विमानबांधणीच्या गरजेतून पुढे आली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वक्र आकार तंतोतंत साधण्यासाठी वक्रावरील असंख्य बिंदूंची गणिताने काढलेली स्थाने यंत्राला क्रमाने पुरवावीत, असे त्यांना सुचले. १९४९ मध्ये अमेरिकेच्या वायुदलाने या कामास आर्थिक साहाय्य दिले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या मिलिंग यंत्राला छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा देण्याची योजना सिद्ध झाली व १९५२ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. त्या काळचा नियंत्रक निर्वात नलिकांनी भरलेले कपाटच होता. आज तेच कार्य तळहातावर मावणारे मंडल करते. पण यंत्रापुढील मूळ प्रश्न बदललेला नाही. आज्ञा मिळाली तितकेच अंतर हत्यार खरोखर सरकले काय, हाच तो प्रश्न होय.

२. आज्ञेपासून हत्यारापर्यंत

घरगुती यंत्रात सामान्यतः तीन अक्ष असतात : डावे-उजवे, पुढे-मागे आणि वर-खाली. प्रत्येक अक्षावर एक मोटर एक लांब स्क्रू फिरविते. स्क्रूवरील नट यंत्राच्या सरकत्या भागाला जखडलेला असल्यामुळे स्क्रू फिरला की तो भाग रुळांवरून सरकतो.

या साखळीत चार दुवे आहेत. पहिला दुवा नियंत्रकाचा. कोणत्या अक्षाने केव्हा व किती सरकावे हे तो ठरवितो आणि त्यानुसार विद्युत् स्पंद पाठवितो. दुसरा दुवा ड्रायव्हर. या क्षीण स्पंदांनुसार तो मोटरच्या वेटोळ्यांत मोठा प्रवाह सोडतो. तिसरा दुवा मोटर व चौथा स्क्रू. निवड करताना मात्र हा क्रम उलट धरावा लागतो. कापण्याच्या कामापासून आरंभ करून स्क्रू, मोटर, ड्रायव्हर, वीजपुरवठा व शेवटी नियंत्रक असे मागे मागे यावयाचे. प्रथम आकर्षक नियंत्रक विकत घेऊन मग त्याला साजेशी मोटर शोधणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल पुढील यंत्र घेऊ. त्याची कमान व तिच्यावरील राऊटर मिळून सरकणारे वजन १२ किलोग्रॅम आहे. बॉल स्क्रूचा व्यास १६ मिलिमीटर व लांबी ७०० मिलिमीटर असून एका फेऱ्यात नट ५ मिलिमीटर सरकतो. रिकाम्या हालचालीचा वेग मिनिटाला ३,००० मिलिमीटर असावा आणि तो वेग एक दशांश सेकंदात गाठला जावा, अशी अपेक्षा आहे. मिनिटाला ३,००० मिलिमीटर म्हणजे स्क्रूचे ६०० फेरे, अर्थात् सेकंदाला १० फेरे.

३. पावलापावलाने फिरणारी मोटर

घरगुती यंत्रात बहुशः स्टेपर मोटर वापरतात. तिची रचना ध्यानात घेतली म्हणजे तिचे गुण व दोष दोन्ही स्पष्ट होतात. तिच्या फिरत्या भागात लोहचुंबक असून त्याच्या कडेला ५० दाते असतात. स्थिर भागात वेटोळ्यांचे दोन संच असतात. या दोन संचांतील प्रवाहांच्या दिशा ठराविक क्रमाने बदलल्या की फिरता भाग दात्याच्या अंतराच्या एकचतुर्थांशाइतका पुढे सरकतो. पन्नास दाते व प्रत्येकी चार पावले, म्हणून एका फेऱ्यात २०० पावले होतात आणि प्रत्येक पाऊल १.८ अंशाचे असते. आपल्या उदाहरणातील स्क्रूवर एक पाऊल म्हणजे ०.०२५ मिलिमीटर.

प्रवाह चालू असता फिरता भाग आपल्या जागी एखाद्या ताणलेल्या स्प्रिंगने धरून ठेवल्यासारखा राहतो. भार आला की तो किंचित मागे पडतो आणि मागे पडल्यामुळेच त्याला प्रतिकाराचा जोर मिळतो. मोटर जास्तीत जास्त जेवढा जोर धरून ठेवू शकते त्याच्या निम्मा भार आला, तर फिरता भाग एका पावलाच्या सुमारे एकतृतीयांशाने मागे राहतो. आपल्या स्क्रूवर ही चूक सुमारे ०.००८ मिलिमीटर भरते व भार निघताच ती नाहीशी होते.

परंतु भार मर्यादेबाहेर गेला तर ही काल्पनिक स्प्रिंग तुटते. फिरता भाग आपली जागा सोडून मागच्या दात्याच्या जागी जाऊन स्थिरावतो. याला पावले चुकणे म्हणतात. एक दाता म्हणजे चार पावले, म्हणून आपल्या यंत्रात ही चूक ०.१ मिलिमीटरची अथवा तिच्या पटीतच असते. विशेष हे की नियंत्रकाला याची काहीच वार्ता नसते. त्याने स्पंद पाठविलेले असतात. मोटरने ते पाळले किंवा नाही हे सांगणारे साधन यंत्रात नसते. पुढचे सारे काम तो चुकलेल्या जागेपासून बिनदिक्कत चालू ठेवतो. स्टेपर मोटरीच्या निवडीत भरपूर राखीव जोर का ठेवावा लागतो, याचे कारण हे आहे.

येथे सूक्ष्म पावलांविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन्ही संचांतील प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी-अधिक करून ड्रायव्हर एका पावलाचे ८, १६ किंवा ३२ भाग पाडू शकतो. त्यामुळे मोटर अधिक गुळगुळीत फिरते व कंप घटतो, हा मोठा लाभ आहे. पण अचूकता त्याच प्रमाणात वाढत नाही. पावलाचे १६ भाग केले असता, एका सूक्ष्म पावलाने मिळणारा वाढीव जोर पूर्ण जोराच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका असतो. रुळाचे घर्षण त्याहून अधिक असेल, तर दोन-तीन सूक्ष्म पावलांच्या आज्ञा होईपर्यंत यंत्र हलतच नाही.

४. सर्वो मोटर

दुसरा प्रकार सर्वो मोटरीचा. तिच्या मागच्या टोकाला एन्कोडर नावाचे साधन बसविलेले असते व ते आसाची प्रत्यक्ष स्थिती क्षणोक्षणी ड्रायव्हरला कळविते. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडले की ड्रायव्हर प्रवाह वाढवून ते भरून काढतो. अंतर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास तो मोटर थांबवून धोक्याची सूचना देतो. कामाचा तुकडा वाया गेला तरी तो का वाया गेला हे निदान कळते. शिवाय सर्वो मोटरीचा जोर तिच्या नेमून दिलेल्या वेगापर्यंत जवळजवळ सारखा राहतो, तर स्टेपर मोटरीचा वेगाबरोबर उतरत जातो.

स्टेपर मोटरीलाच एन्कोडर जोडून तयार केलेला एक मध्यम मार्गही आज उपलब्ध आहे. त्याची किंमत दोहोंच्या दरम्यान असते. मात्र एन्कोडर हा जोर निर्माण करीत नाही. मुळात अपुऱ्या पडणाऱ्या मोटरीला तो जोडला तर काम बिघडण्याऐवजी यंत्र वारंवार थांबेल, इतकाच फरक होईल. हलक्या कामाच्या यंत्रास नीट निवडलेली साधी स्टेपर मोटर पुरेशी होते. जेथे वेग मोठा, भार अनिश्चित अथवा कच्चा माल महाग, तेथे सर्वोचा खर्च सार्थकी लागतो.

५. जोराचा हिशेब

मोटरच्या फिरविण्याच्या जोराला कारखान्यात टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. सरळ रेषेतील बलावरून लागणारा टॉर्क काढण्याचा नियम सोपा आहे. बलाला एका फेऱ्यातील सरकण्याने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला ६.२८ व स्क्रूची कार्यक्षमता यांच्या गुणाकाराने भागावे. बॉल स्क्रूची कार्यक्षमता सुमारे ०.९ धरता येते. साध्या चौकटी आट्याच्या स्क्रूची याहून पुष्कळच कमी असते, कारण त्यात गोळ्यांच्या गडगडण्याऐवजी धातू धातूवर घासतो.

आता आपल्या यंत्रावरील भार एकेक करून मोजू. कापण्याचे बल १०० न्यूटन व रुळांचे घर्षण २० न्यूटन धरले तर १२० न्यूटनसाठी लागणारा टॉर्क ०.१०६ न्यूटन-मीटर येतो. नट व बेअरिंगांच्या घट्टपणासाठी ०.०५ न्यूटन-मीटर धरू.

यानंतर वेग वाढविण्यासाठी लागणारा टॉर्क. एक दशांश सेकंदात सेकंदाला ५० मिलिमीटर वेग गाठावयाचा म्हणजे प्रवेग ०.५ मीटर प्रतिसेकंदवर्ग झाला. बारा किलोग्रॅमच्या कमानीला त्यासाठी केवळ ६ न्यूटन बल लागते आणि त्याचा टॉर्क जेमतेम ०.००५ न्यूटन-मीटर होतो. अनेकांचा हिशेब येथेच संपतो व तेथेच चुकतो. कारण कमानीबरोबर स्क्रू आणि मोटरचा स्वतःचा फिरता भाग यांनाही शून्यापासून सेकंदाला १० फेऱ्यांपर्यंत न्यावयाचे असते. फिरत्या वस्तूच्या जडत्वाचे माप म्हणजे जडत्व आघूर्ण. ते आपल्या स्क्रूसाठी सुमारे ०.३५, कपलिंगसाठी ०.०५ व मध्यम आकाराच्या मोटरीसाठी ०.३० किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटर भरते. एकूण ०.७० झाले. एवढ्या जडत्वाला तो वेग देण्यास ०.०४४ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. हा टॉर्क कमानीच्या टॉर्कच्या आठपटींहून अधिक आहे. डोळ्यांना जड दिसणारी कमान येथे हलकी ठरते, कारण स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात ती फक्त ५ मिलिमीटर सरकते.

सर्वांची बेरीज ०.१०६, ०.०५, ०.००५ व ०.०४४ मिळून सुमारे ०.२०५ न्यूटन-मीटर होते. पावले चुकण्याचा धोका टाळण्यासाठी ती दुप्पट करावी. मिनिटाला ६०० फेरे या वेगाला सुमारे ०.४१ न्यूटन-मीटर टॉर्क देणारी मोटर आपल्याला हवी आहे. येथे 'या वेगाला' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत.

६. वेग वाढला की जोर का घटतो

विक्रेत्यांच्या यादीत स्टेपर मोटरीपुढे जो टॉर्क छापलेला असतो, तो मोटर उभी असतानाचा असतो. फिरू लागताच तो घटत जातो. याचे कारण वेटोळ्याच्या प्रवर्तकतेत आहे. प्रवर्तकता म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण. पाण्याने भरलेली जड घागर एका झटक्यात वेगाने ओढता येत नाही, तसा वेटोळ्यातील प्रवाहही एका झटक्यात वाढत नाही. त्याला लागणारा काळ स्थूलमानाने प्रवर्तकता व प्रवाह यांच्या गुणाकाराला विद्युत् दाबाने भागून मिळतो.

दोन मोटरींची तुलना करून पाहावी. पहिली १.२६ न्यूटन-मीटरची आहे; तिचा प्रवाह २.८ अँपिअर व प्रवर्तकता २.५ मिलिहेन्री. दुसरी ३ न्यूटन-मीटरची आहे. तिचा प्रवाह ४.२ अँपिअर व प्रवर्तकता ३.८ मिलिहेन्री. मिनिटाला ६०० फेरे म्हणजे सेकंदाला २,००० पूर्ण पावले, म्हणजेच एका पावलाला फक्त ०.५ मिलिसेकंद. प्रवाह पूर्ण वाढण्यास लागणारा काळ असा येतो :

१२ व्होल्ट दाबाला पहिल्या मोटरीस ०.५८ मिलिसेकंद, दुसरीस १.३३ मिलिसेकंद.
२४ व्होल्ट दाबाला पहिलीस ०.२९, दुसरीस ०.६७.
३६ व्होल्ट दाबाला पहिलीस ०.१९, दुसरीस ०.४४.

बारा व्होल्टवर दोन्ही मोटरी अपुऱ्या पडतात. पाऊल संपले तरी प्रवाह भरत नाही. चोवीस व्होल्टवर लहान मोटर आपले काम करते, पण मोठी करू शकत नाही. छत्तीस व्होल्टवरही मोठ्या मोटरीचा बहुतेक वेळ प्रवाह भरण्यातच जातो. शिवाय मोटर फिरत असता स्वतःच उलटा विद्युत् दाब निर्माण करते, म्हणून प्रत्यक्ष स्थिती या हिशेबाहून अधिक प्रतिकूल असते. मोठ्या मोटरीचा फिरता भागही जड असतो. त्याचे जडत्व आघूर्ण ०.८० धरले तर त्याला एकट्यालाच वेग देण्यास ०.०५ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे लहान मोटरीच्या फिरत्या भागाला लागतात त्याच्या अडीचपटींहून अधिक.

अर्थात् मोठी मोटर नेहमीच वाईट असे नव्हे. मंद गतीने जाड धातू कापावयाचा असेल तर तीच योग्य. परंतु आपल्या यंत्रासाठी ५७ मिलिमीटर रुंदीची, कमी प्रवर्तकतेची पहिली मोटर ३६ व्होल्टवर चालविणे अधिक शहाणपणाचे आहे. खरेदीपूर्वी उत्पादकाने दिलेला वेग व टॉर्क यांचा आलेख मागून घ्यावा आणि त्यावर ६०० फेऱ्यांपाशी ०.४१ न्यूटन-मीटर मिळतात हे पाहून घ्यावे. तो आलेख कोणत्या दाबाला काढला आहे, हेही तपासावे. आलेख न देणाऱ्या विक्रेत्याकडून मोटर न घेतलेली बरी.

७. ड्रायव्हर व वीजपुरवठा

पहिल्या मोटरीच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ०.९ ओहम आहे. म्हणजे २.८ अँपिअर प्रवाहास अवघा अडीच व्होल्ट दाब पुरतो. मग ३६ व्होल्ट दिल्याने वेटोळे जळत कसे नाही? उत्तर ड्रायव्हरच्या कार्यात आहे. तो पूर्ण दाब देऊन प्रवाह झपाट्याने चढवितो आणि ठरलेली मर्यादा येताच सेकंदाला हजारो वेळा दाब तोडून-जोडून प्रवाह तेथेच राखतो. चढा दाब केवळ प्रवाह लवकर चढावा म्हणून वापरावयाचा असतो. दाब किती असावा यासाठी एक अनुभवसिद्ध नियम आहे. प्रवर्तकतेच्या मिलिहेन्रीतील संख्येचे वर्गमूळ काढून ३२ ने गुणावे. तेवढे व्होल्ट ही वरची मर्यादा समजावी. पहिल्या मोटरीसाठी ती सुमारे ५० व्होल्ट येते. तिच्यापलीकडे गेल्यास मोटर निष्कारण तापते.

ड्रायव्हर निवडताना त्याची दाबाची व प्रवाहाची मर्यादा पाहावी. ए ४९८८ या मंडलावर चालणारे लहान ड्रायव्हर ३५ व्होल्ट व २ अँपिअरपर्यंतचे असतात. ते आपल्या मोटरीला अपुरे आहेत. २० ते ५० व्होल्टवर चालणारे व ४ अँपिअरच्या आसपास प्रवाह देणारे डीएम ५४२ वर्गातील ड्रायव्हर येथे योग्य होत. त्यांतील अंकीय प्रकारचे ड्रायव्हर मधल्या वेगांवर उद्भवणारे अनुस्पंदनही दाबून धरतात. अनुस्पंदन म्हणजे पावलांची लय व मोटरची स्वाभाविक कंपनाची लय जुळून कंप वाढत जाणे. झोका घेणाऱ्याला नेमक्या क्षणी ढकलले की झोका चढत जातो, तोच हा प्रकार. त्यामुळे भार नसतानाही पावले चुकू शकतात.

वीजपुरवठ्याची क्षमता ठरविताना सर्व मोटरींच्या प्रवाहांच्या बेरजेचा दोनतृतीयांश भाग पुरेसा धरतात. तीन मोटरींचे ८.४ अँपिअर होतात, म्हणून ५.६, अर्थात् सुमारे ६ अँपिअरचा ३६ व्होल्ट पुरवठा चालेल. दाब ड्रायव्हरच्या कमाल मर्यादेला भिडवू नये. कमान एकदम थांबते तेव्हा मोटर क्षणभर जनित्र बनून वीज परत पाठविते व दाब वर उसळतो. तसेच वीज चालू असता मोटरीची तार कधीही काढू नये. त्या क्षणी उठणारा दाब ड्रायव्हरचा नाश करतो.

८. नियंत्रक

आता नियंत्रकाकडे वळता येईल, कारण त्याने काय करावयाचे हे ठरले आहे. पावलाचे ८ भाग केले तर एका फेऱ्यात १,६०० स्पंद व एका मिलिमीटरला ३२० स्पंद लागतील. सेकंदाला १० फेऱ्यांसाठी १६,००० स्पंद हवेत. १६ भाग केल्यास हीच संख्या ३२,००० होते.

घरगुती यंत्रांत जीआरबीएल हा विनामूल्य कार्यक्रम फार प्रसिद्ध आहे. सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी तो २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. तो अर्दुइनो उनो या स्वस्त मंडलावर चालतो व सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देऊ शकतो. म्हणजे ८ भागांना तो निश्चिंतपणे पुरतो, पण १६ भागांना त्याची मर्यादा ओलांडली जाते. सूक्ष्म पावले हौसेने वाढविल्यास यंत्राचा वेगच कसा खुंटतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. त्याच्याच वंशातील जीआरबीएल-हाल व फ्लुइड-एनसी हे कार्यक्रम ३२ बिटांच्या मंडलांवर चालतात व याहून पुष्कळ अधिक स्पंद देतात.

दुसरी परंपरा लिनक्स-सीएनसी या कार्यक्रमाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९९० नंतरच्या दशकात झालेल्या कामातून तो उगम पावला. त्यात संपूर्ण संगणकच नियंत्रक बनतो. स्पंद नेमक्या क्षणी निघावेत म्हणून त्याला काळाचे बंधन कडकपणे पाळणारी खास संगणकप्रणाली लागते. पूर्वी हे स्पंद छपाईयंत्राच्या समांतर जोडणीतून काढीत. तशी जोडणी नव्या संगणकांत सहसा आढळत नसल्याने आता स्पंद निर्माण करणारे वेगळे मंडल जोडतात. सर्वो मोटरी, हत्यार बदलणारी योजना अथवा तीनहून अधिक अक्ष यांसाठी हा मार्ग अधिक सोयीचा आहे.

नियंत्रकाचा आणखी एक गुण पाहिला पाहिजे. वक्र आकार असंख्य लहान रेषांचा बनलेला असतो. प्रत्येक रेषेअखेर थांबणे परवडत नाही आणि वळणावर पूर्ण वेगाने जाणेही शक्य नसते. म्हणून चांगला नियंत्रक पुढील अनेक रेषा आधीच वाचून वेग कोठे कमी करावयाचा हे ठरवितो. प्रवेगाची मर्यादा मात्र आपणच त्याला सांगावयाची असते, आणि ती वरील हिशेबातूनच आलेली असली पाहिजे.

९. सुरक्षितता

हे यंत्र खेळणे नव्हे. राऊटरचे कटर मिनिटाला हजारो फेरे फिरते. शाळेतील यंत्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच चालवावे व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. संकटकाळी थांबविण्याचे तांबडे बटन केवळ नियंत्रकाला सूचना देणारे नसावे. त्याने मोटरींचा व राऊटरचा वीजपुरवठाच तोडला पाहिजे. कार्यक्रमच अडकून पडला असेल तर सूचना कोण ऐकणार? टोकाची बटने नेहमी जोडलेल्या स्थितीत ठेवून दाबल्यावर तुटतील अशी बसवावीत, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबेल. यंत्राचा सांगाडा अर्थिंगला जोडावा. बॉल स्क्रू सहज उलटा फिरतो, म्हणून वीज जाताच उभ्या अक्षावरील राऊटर खाली घसरू शकतो. तेथे ब्रेक अथवा वजन तोलणारी स्प्रिंग योजावी.

१०. कसोटी

यंत्र जोडल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. कमानीला डायल गेज टेकवून काटा शून्यावर आणावा. मग कमान दूर नेऊन पूर्ण वेगाने शंभर वेळा पुढे-मागे करावी व मूळ जागी मंद गतीने परत आणावी. काटा पुन्हा शून्यावर आला तर निवड योग्य ठरली. चूक ०.१ मिलिमीटरची अथवा तिच्या पटीत असेल, तर पावले चुकत आहेत असे समजावे आणि प्रवेग अथवा वेग कमी करावा. ती ०.०२ किंवा ०.०३ मिलिमीटर असेल, तर मोटरला दोष देऊ नये. नटची ढिलाई किंवा कपलिंगचे घसरणे तपासावे. काटा शून्यावर येत राहिल्यास प्रवेग थोडाथोडा वाढवीत पावले चुकू लागण्याची मर्यादा शोधावी व नंतर तिच्या निम्म्यावर यंत्र कायम चालवावे.

तात्पर्य, कामापासून मागे मागे येत केलेला साधा हिशेब खरेदीच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. स्टेपर मोटर आपली चूक सांगत नाही, म्हणून ती होणार नाही अशी तजवीज आधीच करावी लागते. ती तजवीज गुणाकार-भागाकार जाणणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येण्यासारखी आहे.

स्वाध्याय

१. एका फेऱ्यात १० मिलिमीटर सरकविणारा स्क्रू व पावलाचे ८ भाग घेतल्यास एका मिलिमीटरला किती स्पंद लागतील? मिनिटाला ६,००० मिलिमीटर वेगासाठी सेकंदाला किती?
२. याच स्क्रूवर मोटर एका दात्याने घसरली तर किती चूक होईल?
३. ३ अँपिअर व ४ मिलिहेन्रीची मोटर २४ व्होल्टवर चालविली आहे. मिनिटाला ३०० व ९०० फेऱ्यांना तिचा प्रवाह पूर्ण भरेल काय?
४. मोटरीला एन्कोडर जोडल्याने कोणता लाभ होतो व कोणता होत नाही?

उत्तरे : (१) १६०, १६,०००. (२) ०.२ मिलिमीटर. (३) प्रवाह भरण्यास ०.५ मिलिसेकंद लागतात. ३०० फेऱ्यांना एका पावलास १ मिलिसेकंद मिळतो म्हणून भरेल, ९०० फेऱ्यांना ०.३३ मिलिसेकंदच मिळतो म्हणून भरणार नाही. (४) चौथा परिच्छेद पाहावा.